‘फॅ’वर जोर

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, असं लिहिलं तर कतारच्या दोहा शहरातले निम्मे मराठी लोक हसतील. कारण ही गोष्ट त्यांनी माझ्याच तोंडून कैक वेळा ऐकली आहे. शुक्रवारचं जेवण झालं, मठ्ठा पिऊन झाला, पोरं आतल्या खोलीत आपापल्या स्क्रीनपाशी गेली, की कुणीतरी हमखास म्हणायचं, "काका, तो रत्नागिरीवाल्याचा किस्सा होऊन जाऊ द्या." मग मी थोडे आढेवेढे घ्यायचो, चष्मा पुसायचो आणि सांगायचो. किस्सा छोटा होता. आमच्या कंपनीतल्या एका कारकुनाला साहेबासमोर इंग्रजीत पाच मिनिटं बोलायचं होतं. त्यात ‘अथकपणे’ या अर्थाचा एक लांबलचक इंग्रजी शब्द होता. त्याने तो असा काही उच्चारला की इंग्रज साहेबाच्या हातातला चहा सांडला.

चहा सांडला नव्हता. तो मी मागाहून घातला. आणखीही बऱ्याच गोष्टी मागाहून घातल्या आणि दोन-तीन महत्त्वाच्या काढून टाकल्या. खरी गोष्ट सांगायची मी टाळली, ती लोकांचा हिरमोड होऊ नये म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. लोकांच्या करमणुकीची इतकी काळजी वाहणारा माणूस विरळाच म्हणायचा.

गॅस प्लांटची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत मी डॉक्युमेंटेशनचा प्रमुख होतो. काम कागदांचं, पण खरा हुद्दा वेगळाच होता. आमच्या मजल्यावरचं इंग्रजी माझ्या ताब्यात होतं. पत्र बाहेर जायचं ते माझ्या नजरेखालून. कुणी ‘रिव्हर्ट बॅक’ लिहिलं की मी ‘बॅक’ला लाल पेनाने गोल करून तो कागद टेबलावर ठेवायचो, काही न बोलता. ते न बोलणं फार लागतं, हे मला माहीत होतं. केरळी फोरमन मला गमतीने प्रोफेसर म्हणायचा. ती गंमत आहे हे मला कळायला निवृत्ती यावी लागली.

आमच्याकडे कुठल्याही मीटिंगच्या आधी कुणीतरी उभं राहून दोन मिनिटं सुरक्षेबद्दल बोलतं. त्याला सेफ्टी मोमेंट म्हणतात. मीटिंग माणसं कमी करण्याची का असेना, आधी सगळ्यांना जिना उतरताना कठडा धरायला सांगितलं जातं. एका वर्षी कंपनीने प्रत्येक सेफ्टी मोमेंटच्या शेवटी म्हणायला एक घोषवाक्य मागवलं. स्पर्धा झाली आणि ती मी जिंकली. बक्षीस म्हणून थर्मास मिळाला. वाक्याचा अर्थ असा होता: सगळे सुखरूप घरी जावेत म्हणून आम्ही अथकपणे काम करतो. ‘अथकपणे’साठी मी साधा शब्द वापरला असता तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण साध्या शब्दाला थर्मास कोण देतो?

त्या शब्दाचा उच्चार मी तर्काने काढला होता. ‘फटीग’ म्हणजे थकवा, हे मला शाळेपासून माहीत. त्याच्यापुढे ‘इनडि’ आणि मागे ‘एब्ली’ लावलं की झालं: इनडिफटीगेब्ली. ‘टी’वर दणका. डिक्शनरी माझ्याच टेबलावर होती, पण ती दुसऱ्यांच्या चुका शोधायला होती. महिन्याभरात केरळी फोरमन, फिलिपिनो सेक्रेटरी, नेपाळी कामगार आणि सुदानी ड्रायव्हर असे सगळे रोज सकाळी माझ्या उच्चाराने इनडिफटीगेब्ली म्हणू लागले. इतक्या देशांना एकाच वेळी चुकीचं शिकवण्याची संधी सहसा सरकारांना मिळते.

किश्श्यातला तो कारकून माझ्याच हाताखाली होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचा मुसलमान. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रॉइंगवर शिक्के मारायचे, नोंद करायची, फाइल लावायची, हे त्याचं काम. एखादा कागद सात वर्षांपूर्वी कुठे ठेवला ते त्याला कपाट न उघडता सांगता यायचं. तो शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मदला एका जुन्या व्हिलात आणखी आठ-नऊ जणांबरोबर राहायचा. बायको आणि एकुलती मुलगी गावी. इथे ज्याची बायको गावी असते त्याला बॅचलर म्हणतात. लग्नाला सोळा वर्षं झालेला हा बॅचलर रोज संध्याकाळी फोनवर मुलीचा अभ्यास घ्यायचा. खरं म्हणजे ती त्याचा घ्यायची, हे पुढे येईलच.

मग ट्रेनिंग कोऑर्डिनेटरची जागा निघाली. त्या जागेला फॅमिली स्टेटस होतं. म्हणजे ती मिळाली की माणूस बॅचलर राहत नाही. बायको-मुलीला इथे आणता येतं. त्याने अर्ज केला. निवड अशी होती की उमेदवाराने सगळ्या विभागासमोर पाच मिनिटांची सेफ्टी मोमेंट घ्यायची, आणि समोर बसलेल्या तिघांनी मत द्यायचं. तिघांत एक नवीन आलेला इंग्रज मॅनेजर, एक कतारी एचआर अधिकारी आणि तिसरा, अर्थात, मी.

निवडीच्या दोन आठवडे आधी तो माझ्या टेबलापाशी आला.

"साहेब, एक विचारू? रागावणार नाय ना?"

"विचार."

"ते आपलं बोर्डावरचं वाक्य. त्यातला तो मोठा शब्द. माझी मुलगी म्हणते, ‘टी’वर जोर नाय द्यायचा. ‘फॅ’वर द्यायचा. इन-डि-फॅ-टि-ग-ब्ली. फॅट म्हणतो ना, तसा फॅ. पुढचं सगळं भराभर."

त्याने तो इतका सहज म्हटला की मला पहिल्यांदा वाटलं, काय सुंदर शब्द आहे. दुसऱ्यांदा वाटलं, आजूबाजूचे सगळे ऐकतायत.

"कितवीत आहे मुलगी?"

"नववीत."

"मग असं कर. उद्यापासून हे टेबल तिलाच दे. मी गावी जाऊन ड्रॉइंगचे शिक्के मारतो."

आजूबाजूचे हसले. तोही हसला, आणि मान खाली घालून म्हणाला, "तसं नाय साहेब. मी आपलं विचारलं."

"वाक्य कुणी लिहिलंय?"

"तुमी."

"मग?"

"खलास साहेब. तुमी सांगाल तेच."

संध्याकाळी घरी गेलो आणि डिक्शनरी काढली. ऑफिसातली नाही, तिथे कुणी बघितलं असतं. घरच्या जाड डिक्शनरीत तो शब्द होता. त्याच्या उच्चारात एका ठिकाणी एक बारीक उभी रेघ होती, ‘फॅ’च्या बरोबर आधी. त्या रेघेचा अर्थ जोर इथे द्या. नववीतली पोरगी बरोबर होती.

बायको समोर मटार सोलत होती. तिने विचारलं, "काय एवढं शोधताय?"

"काही नाही."

"सापडलं का?"

"आहे तसंच आहे," असं म्हणून मी डिक्शनरी मिटली.

आता इतकं लिहिलंच आहे तर उच्चार एकदाचा नीट सांगून टाकतो. निदान त्या बाबतीत तरी या कागदावर खरं असू दे. इन-डि-फॅ-टि-ग-ब्ली. सुरुवातीच्या ‘इन’ला हलका स्पर्श, ‘फॅ’वर पूर्ण जोर, आणि त्यापुढची अक्षरं उतारावरून सायकल सोडावी तशी सोडून द्यायची. ‘टी’ लांबवायची नाही. ‘गे’ म्हणायचं नाही, ‘ग’ म्हणायचं, तोही अर्धवट गिळून. ‘फटीग’शी त्याचं नातं आहे, पण इंग्रजीत नातेवाईक एकमेकांसारखे बोलतीलच असं नाही. आपल्याला वाटतं, देवनागरीत लिहून घेतलं की कुठलाही शब्द काबूत आला. अक्षरं येतात, पण जोर कुठे द्यायचा ते आपल्या लिपीत लिहिलं जात नाही, कारण मराठीत बोलताना तशी गरज पडत नाही. ते कुणाच्या तरी तोंडून ऐकावं लागतं. मी ते ऐकलं होतं. माझ्या टेबलापाशी उभं राहून, रागावणार नाही ना असं आधी विचारून, मला ते ऐकवलं गेलं होतं.

चौदा दिवस होते. रोज तो माझ्याकडे सहीला कागद घेऊन यायचा, निदान पाच-सहा वेळा. "अरे, ते मुलीचं बरोबर आहे बरं का," एवढं एक वाक्य. त्यात अवघड इंग्रजी शब्द एकही नाही. पण ते म्हटलं असतं तर सकाळी सगळ्या विभागाने माझ्या वाक्यातला माझा शब्द माझ्या कारकुनाच्या मुलीच्या उच्चाराने म्हटला असता. ते मला सोसणारं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं की उच्चाराने कुणाची नोकरी अडत नाही. मजकूर महत्त्वाचा. लाल पेनाचा माणूस एका रात्रीत इतका उदार झाला.

निवडीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे सुरुवात मी केली. कॉन्फरन्स रूम भरली होती. इंग्रज मॅनेजर दाराबाहेर फोनवर बोलत होता, तो यायच्या आधीच मी दोन शब्द बोलून घेतले आणि शेवटी घोषवाक्य म्हटलं. त्या क्षणी मला दोन्ही उच्चार येत होते. आमचा कारकून भिंतीला टेकून उभा होता, हातात घडी घातलेला कागद, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या भाषणाकडे इतक्या लक्षपूर्वक कधी कुणी पाहिलं नसेल. मी म्हणालो, इनडिफटीगेब्ली. ‘टी’वर नेहमीपेक्षा जास्तच दणका दिला.

मग मॅनेजर आत येऊन बसला. पहिला उमेदवार दुसऱ्या विभागातला, नुकताच दुसऱ्या कंपनीतून आलेला. तो शिडी कशी लावावी यावर बोलला. शिडीबद्दल जे सगळ्यांना माहीत असतं तेवढंच बोलला, पण शेवटी तो शब्द बरोबर म्हणाला. मॅनेजरने खूश होऊन मान हलवली. आमचे लोक एकमेकांकडे बघायला लागले, की याला आपलं वाक्यसुद्धा नीट म्हणता येत नाही.

मग आमचा माणूस उभा राहिला. तो उन्हाबद्दल बोलला. इंग्रजी मोडकं होतं, पण एकही शब्द वाया गेला नाही. एका ऑगस्टमध्ये यार्डात काम करणाऱ्या एका माणसाला घाम येत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं होतं. सगळे निथळत असताना हा कोरडा. ‘मला त्याच्या कोरडेपणाची भीती वाटली,’ असं तो म्हणाला. मग त्याला सावलीत कसा ओढला, मानेवर बर्फ कसा ठेवला, काय चुकलं, काय करायला हवं होतं. कतारी अधिकारी पुढे झुकून ऐकत होता. मला वाटतं, त्या क्षणी ती जागा त्याची झालेली होती.

राहिलं होतं फक्त घोषवाक्य. तो त्या शब्दापर्यंत आला आणि थांबला. फार नाही, एक श्वास घेण्याइतका. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाला, "इनडिफटीगेब्ली."

मॅनेजर मोकळेपणाने हसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच गंमत वाटली. म्हणाला, "वन्स मोअर?" आमचा माणूस पुन्हा माझ्याकडे पाहत तसंच म्हणाला. ‘टी’वर दणका. मग सगळी खोली हसली. वर्षभर रोज सकाळी तेच म्हणणारी, दहा मिनिटांपूर्वी माझ्या तोंडून तेच ऐकलेली माणसं हसली. त्यांना दोष कसा देऊ? त्यांच्या रजेच्या अर्जांवर माझी सही लागायची. आणि मी पण हसलोच.

मॅनेजर माझ्याकडे वळला. तुम्ही इथले इंग्रजीचे जाणकार, म्हणाला. यातला बरोबर कुठला?

"पहिल्या उमेदवाराचा," मी म्हणालो. "याच्यावर जरा मेहनत घ्यावी लागेल."

फॉर्मवर मी लिहिलं, मजकूर चांगला, उच्चारात सुधारणेची गरज. खाली सही केली. माझी सही फार सुबक आहे, सगळे म्हणतात.

जागा शिडीवाल्याला मिळाली. मी आमच्या माणसाला केबिनमध्ये बोलावून, बसायला सांगून, मोठ्या मनाने म्हणालो, "पुढच्या वेळी नक्की." तो म्हणाला, "इन्शाल्ला, साहेब." पुढची वेळ आली नाही. काही महिन्यांनी त्याची बदली पार उत्तर टोकाला, मदिनत अश शमालच्या छोट्या ऑफिसात झाली आणि तो बॅचलरचा बॅचलर राहिला. घोषवाक्यही त्याच वर्षी बदललं. मुख्य ऑफिसने ‘सेफ्टी फर्स्ट’ आणलं. ज्या शब्दापायी एक कुटुंब समुद्रापलीकडे राहिलं, तो शब्द दोन आठवड्यांत बोर्डावरून पुसला गेला. थर्मास मात्र अजून आहे. त्यात चहा चांगला गरम राहतो.

किस्सा मी त्यानंतरच सांगू लागलो. पहिल्यांदा कुणाच्या तरी वाढदिवसाला सांगितला तेव्हा त्यातून माझी सुरुवात आणि नववीतली मुलगी, अशा दोन गोष्टी काढल्या. त्या काढल्यावर किस्सा फारच सुटसुटीत झाला. लोक पोट धरून हसले. बायको मात्र मी सुरू केला की उठून स्वयंपाकघरात जायची. तिला तिथे दर वेळी काही ना काही काम निघायचं.

काही वर्षांनी मुलगा द पर्ल या समुद्रकाठच्या उंची वस्तीत राहायला गेला, आणि मीही निवृत्त होऊन त्याच्याकडे आलो. समुद्र दिसणारी गॅलरी, खाली बोटी लावलेल्या, माझ्यासारख्या माणसाला शोभेल असं सगळं. एका शुक्रवारी तिथे दहा-बारा मराठी मंडळी जेवायला होती. जेवणं होत आली असताना बेल वाजली. दारात तो. जुम्म्याची नमाज आटोपून आला होता, डोक्यावर टोपी अजून तशीच. रजेवरून परतताना माझ्या बायकोसाठी कुळथाचं पीठ घेऊन आला होता. ती कधीतरी त्याच्याजवळ म्हणाली होती, इथे मिळतं त्याला वास नसतो. तिने त्याला हाताला धरूनच आत आणलं. "भाऊजी, जेवल्याशिवाय सोडणार नाही." तो जेवला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. तो कोण, हे कुणाला सांगायचं मला सुचलं नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "काका, तो रत्नागिरीवाल्याचा!"

"आज नको," मी म्हणालो.

"काका, भाव खाऊ नका हं!"

"अहो, नवीन आलेल्यांनी ऐकला नाहीये."

कोपऱ्यातून तो म्हणाला, "सांगा की साहेब. मी पण ऐकतो."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी उत्तर देऊ शकतो. मी किस्सा सांगितला. पूर्ण सांगितला. मधे थांबलो असतो तर लोकांना संशय आला असता. ज्या ज्या जागी हसायचं त्या त्या जागी तोही हसला. फक्त शेवटी, चहा सांडल्यावर, त्याने हळूच विचारलं, "चहा सांडला?"

"बराच सांडला," मी म्हणालो, आणि लोक आणखी हसले.

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला.

त्याला उम्म सलालला सोडायला मीच निघालो. तो नको म्हणत होता, पण बायकोने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. तो अश शमालहून परत आला होता आणि त्याच जुन्या व्हिलात राहत होता. ऊन उतरायला लागलं होतं. निम्मा रस्ता झाल्यावर मी एकदाचं विचारलं.

"तुला त्या दिवशी बरोबर उच्चार येत होता ना?"

"होय."

"मग?"

तो जरा हसला. "तुमी आधी बोललात ना साहेब. तुमच्या मागून मी दुसरं बोललो असतो तर सगळे तुमच्याकडं बघले असते."

"पण तुझी जागा गेली."

"गेली खरी." मग म्हणाला, "आमच्यात कसं हाय, नमाजला आपण मागं उभे असतो. पुढं इमाम. इमामाकडनं काय चुकलं तर मागच्यानं त्याला हळूच सांगायचं. तसं चालतं. मी सांगितलं होतं तुमाला, दोन आठवडे आधी. हळूच सांगितलं होतं."

"आणि इमामाने ऐकलं नाही तर?"

"मग काय करणार? आपण त्याच्या मागंच." आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जल्ला तो शब्द. मुलीनं पंधरा दिवस घोकून घेतला होता माझ्याकडनं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द तोंडात आले होते. मी म्हणालो, "एसी जास्त होतोय का?"

"नाय साहेब. बरं वाटतंय."

त्यानंतर एकदा संधी आली. तो कायमचा गावी निघाला, तेव्हा विमानतळावर मी सोडायला गेलो. घरून निघताना वाक्य पाठ केलं होतं. ट्रॉलीवर तीन खोकी, दोऱ्यांनी बांधलेली, वर त्याने मार्करने स्वतःचं नाव लिहिलेलं. गेटपाशी तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, काय बोलणार होता?" माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार. मी म्हणालो, "पासपोर्ट घेतलास ना?" त्याने छातीवरचा खिसा थोपटून दाखवला. "शुक्रन, साहेब," असं म्हणून तो आत गेला.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचा फोन आला. नववीतली ती मुलगी आता तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवते, तिला स्वतःची मुलगी आहे. अब्बा गेले, म्हणाली. झोपेतच गेले. त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर ‘साहेब’ म्हणून होता म्हणून कळवते आहे. अशा वेळी जे बोलायचं ते मी सगळं नीट बोललो. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. मग ती म्हणाली, "चाचा, एक विचारू?"

अगदी त्याच्यासारखं विचारलं.

"ते भाषण होतं ना, ऑफिसात. मी त्यांना एक शब्द शिकवला होता. अब्बा परत कधी त्याबद्दल बोललेच नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, जाऊ दे. अम्मीला मात्र वाटतं, माझ्यामुळेच ते गोंधळले. दोन-दोन उच्चार डोक्यात बसले म्हणून. ती कधी बोलत नाही, पण वाटतं तिला. मलाही वाटतं. मी शाळेतल्या पोरीने कशाला मध्ये पडायचं? चाचा, मी चुकीचं शिकवलं होतं का?"

मी गॅलरीत उभा होतो. खालून एक बोट निघाली होती. मी म्हणालो, "नाही गं. तो जरा नर्व्हस झाला असेल."

"तसंच असेल," ती म्हणाली. तिला बरं वाटलं नाही, ते ऐकू आलं. एका मेलेल्या माणसावर मी आणखी एक चूक लादली आणि जिवंत पोरीला तिच्या चुकीसकट सोडून दिलं. तेही इतक्या प्रेमळ आवाजात.

तेव्हापासून मी गॅलरीत येरझाऱ्या घालत सराव करतो. परवा नातीने विचारलं, "आजोबा, हू आर यू टॉकिंग टू?" मी म्हणालो, कुणाशी नाही. तिने फोनवर तो शब्द दाबून मला ऐकवला, कारण मी तो सारखा पुटपुटत होतो. फोनमधली बाई तो बरोबर म्हणते, आणि हवं तितक्यांदा म्हणते. तिला काही जड जात नाही. तालुक्याच्या गावचा तो नंबर माझ्याकडे आहे. तीनदा लावला, तीनदा घंटी वाजायच्या आत बंद केला. मला जे म्हणायचं आहे ते इथे लिहितो.

मुली, तू बरोबर शिकवलं होतंस. ‘फॅ’वर जोर, तसंच आहे ते. तुझ्या अब्बांना ते पक्कं येत होतं. पंधरा दिवसांतला एकही दिवस वाया गेला नव्हता. ते गोंधळले नव्हते आणि घाबरलेही नव्हते. चुकीचा उच्चार माझा होता. तुझा उच्चार अब्बांनी मला सांगितला त्याच संध्याकाळी मी तो डिक्शनरीत बघितला आणि गप्प बसलो. त्या दिवशी त्या खोलीत बरोबर म्हणता येत असूनही आम्ही दोघं चुकीचं म्हणालो. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं, आणि मीही माझ्यासाठीच. मग कागदावर त्यांचं चुकलं असं लिहून मी सही केली. तुम्ही दोघी त्यांच्याजवळ राहायला यायच्या होतात, त्या माझ्यामुळे राहिलात. हे तुझ्या अम्मीला वाचून दाखव. त्यांना सांगायला मला गाडीतला तो सगळा रस्ता होता, आणि मी एसीबद्दल विचारलं. माझं चुकलं. मला माफ करा.